पिकासोने रंगवलेली गर्ट्रूड स्टाइन : एक व्यक्तिचित्र बारकाईने पाहण्याची पद्धत

पाब्लो पिकासोने रंगवलेल्या गर्ट्रूड स्टाइनच्या व्यक्तिचित्रावर टिपण लिहायला बसलेला माणूस बहुधा चित्राकडे न पाहताच सुरुवात करतो. पिकासोने या लेखिकेला महिनोन्महिने समोर बसवले, मग चेहराच पुसून टाकला आणि पुढे ती समोर नसताना तो पुन्हा रंगवला, हा किस्सा त्याला आधीच ठाऊक असतो. तो किस्सा सांगून होतो, चेहऱ्याला ‘मुखवट्यासारखा’ हे विशेषण लावून होते आणि टिपण संपते. यातले काही सर्वस्वी खोटे नसते. पण हे सारे चित्र न पाहताही लिहिता येते, आणि खरी अडचण तीच आहे.

खाली दिलेली पद्धत पूर्णपणे क्रमावर उभी आहे. या चित्रात देह, कपडे आणि चेहरा एकाच वेळी पूर्ण झालेले नाहीत. आजचा चेहरा सर्वांत शेवटी आला. आपली नजर मात्र कोणत्याही व्यक्तिचित्रात पहिल्या क्षणी चेहऱ्याकडेच धावते, आणि एकदा ती तिथे अडकली की उरलेला कॅनव्हास केवळ पार्श्वभूमी होऊन बसतो. म्हणून नजरेला प्रयत्नपूर्वक उलट वाटेने न्यावे लागते : आधी देह, मग हात, मग चेहरा, आणि त्यानंतरच किस्से व तारखा. टप्प्यांची अदलाबदल केली तर पुढच्या टप्प्यांना अर्थ उरत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

## तयारी

चित्र तैलरंगात, कॅनव्हासवर आहे. उंची १०० सेंटिमीटर, रुंदी ८१.३ सेंटिमीटर. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. स्टाइनने मृत्युपत्राद्वारे ते या संग्रहालयाला दिले आणि १९४६ मध्ये तिच्या निधनानंतर ते तिथे गेले. प्रत्यक्ष पाहायला जाणार असाल तर ते त्या दिवशी भिंतीवर आहे ना, हे संग्रहालयाच्या वेबसाइटवर आधी पाहून घ्या, कारण अशी चित्रे प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात. सोबत पेन्सिल आणि कोरे कागद न्या; शाईचे पेन चित्रदालनात नेऊ नये.

प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर संग्रहालयाने स्वतः प्रसिद्ध केलेली प्रतिमाच वापरा. या चित्रातील तपकिरी रंगांचा सारा खेळ जवळजवळच्या छटांचा आहे. रंग भडक केलेल्या किंवा कडा कापलेल्या प्रतींत सर्वांत आधी नाहीशा होतात त्या याच छटा. स्क्रीनचा पिवळसर ‘रात्रीचा’ प्रकाश बंद करा.

प्रतिमेवरून काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी. भिंतीवर १०० बाय ८१ सेंटिमीटरचा आयत कागदी चिकटपट्टीने आखावा, त्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि समोर खुर्ची टाकावी. हातातल्या पडद्यावर ही आकृती तळहाताएवढी दिसते. प्रत्यक्षात ती जवळपास खऱ्या माणसाच्या मापाची आहे आणि चौकटीत जेमतेम मावते. हा भार मनात ठेवल्याशिवाय पहिला टप्पा नीट होत नाही.

शेवटी कागदावर तीन रकाने पाडा : ‘दिसते’, ‘वाटते’ आणि ‘माहीत आहे’. पुढील प्रत्येक नोंद यांपैकी एकाच रकान्यात गेली पाहिजे.

सावधान : पहिल्या बैठकीपूर्वी चित्राविषयी नव्याने काही वाचू नका. जे आधीच वाचलेले असेल ते तिसऱ्या रकान्यात एकदाच लिहून टाका, म्हणजे ते बाकीच्या दोन रकान्यांत शिरणार नाही.

## टप्पा १ : चेहरा झाकून दुरून पाहणे

चार-पाच पावले मागे जा आणि चेहरा झाका. छापील प्रतीवर कागदाचा तुकडा ठेवता येतो. दालनात हात लांब करून एक डोळा मिटला की अंगठ्याआड चेहरा लपतो. आता डोळे किंचित किलकिले करून फक्त मोठे आकार पाहा आणि कागदावर चार-पाच रेषांत त्यांची रूपरेषा काढा. रेखाटन सुबक असण्याची काहीच गरज नाही.

या रेखाटनात तीन गोष्टी उतरल्या पाहिजेत. पहिली, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा देहाचा एकसंध आकार. दुसरी, त्याचा कल : ही स्त्री खुर्चीच्या पाठीला रेलून बसलेली नाही, ती पुढे झुकलेली आहे. तिसरी, चौकटीच्या कडांशी असलेले नाते : खालची कड आकृतीला कुठे कापते, आणि आकृतीभोवती मोकळी जागा किती उरते?

तपासणी : तुमच्या रेखाटनात देहाभोवती ऐसपैस जागा दिसत असेल तर तुम्ही चित्र पाहून ते काढलेले नाही, ‘बसलेली स्त्री’ या मनातल्या कल्पनेवरून काढले आहे. पुन्हा काढा.

## टप्पा २ : काय रंगवलेले नाही, याची यादी

हा टप्पा लहान आहे, पण तो हमखास वगळला जातो. हे एका लेखिकेचे चित्र आहे आणि त्यात पुस्तक नाही, लेखणी नाही, कागद नाही, मेज नाही. खोली ओळखावी असे काही मागे नाही. तुलनेसाठी एदुआर माने याने १८६८ मध्ये रंगवलेले फ्रेंच लेखक एमिल झोला याचे व्यक्तिचित्र आठवा, जे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. तिथे झोलाच्या हातात उघडे पुस्तक आहे, मेजावर दौत आणि पुस्तिका आहेत, मागे जपानी पडदा आणि भिंतीवर चित्रांच्या प्रती लावलेल्या आहेत. मानेचे नावसुद्धा मेजावरच्या एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर वाचायला मिळते. तिथे वस्तू वाचल्या की माणसाचा व्यवसाय आणि त्याची बाजू कळते.

पिकासोने ही सगळी सोय काढून घेतली आहे. मग ही व्यक्ती विचार करणारी, दुसऱ्याचे ऐकून घेणारी, सहज न हलणारी आहे असे आपल्याला वाटते ते कशामुळे? उत्तर देहाच्या ठेवणीतच शोधावे लागणार, आणि म्हणूनच पुढचा टप्पा हातांचा आहे.

सावधान : ‘साधी पार्श्वभूमी’ असे लिहून पुढे जाऊ नका. पार्श्वभूमीत निदान दोन वेगळ्या छटांचे भाग शोधा आणि त्यांची हद्द आकृतीच्या कोणत्या बाजूला येते ते नोंदवा.

## टप्पा ३ : कपडे, खुर्ची आणि हात

चेहरा अजून झाकलेलाच ठेवा आणि जवळ या. दालनात असाल तर आखून दिलेल्या अंतरापलीकडे जाऊ नका.

कोटापासून सुरुवात करा. कोट तपकिरी, खुर्चीही त्याच कुळातल्या रंगाची. कोट कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते, ती रेषा बोटाने हवेत गिरवण्याचा प्रयत्न करा. काही ठिकाणी बाह्यरेषा ठसठशीत सापडते, काही ठिकाणी ती रंगात विरून जाते. जिथे विरते त्या जागा रेखाटनावर फुलीने दाखवा. देह आणि खुर्ची मिळून एकच वस्तुमान झाल्यासारखे का वाटते, याचे कारण या फुल्यांत आहे. मग कुंचल्याचे फटकारे पाहा : ते कापडाच्या घडीच्या दिशेने जातात की घडीची पर्वा न करता आडवेतिडवे?

मग उजळ जागा मोजा. या काळपट तपकिरी विस्तारात मोठ्या उजळ जागा मोजक्याच आहेत : चेहरा (अजून झाकलेला), गळ्याशी असलेले पांढरे वस्त्र व त्यावरचा ब्रोच, आणि दोन्ही हात. त्यांना जोडणाऱ्या रेषा रेखाटनावर ओढल्या की नजर चित्रात कशी फिरवली जाते ते उघड होते.

आता हात, आणि इथे घाई अजिबात करू नये. दोन्ही हात मांडीच्या आधाराने ठेवलेले आहेत, पण सारखे ठेवलेले नाहीत. कोणत्या हातावर देहाचा भार आहे आणि कोणता सैल आहे? बोटे किती सुटी रंगवली आहेत आणि कुठे ती एकत्र मिटवली आहेत? हात रंगवताना प्रकाशाकडून सावलीकडे जाणारा बदल मऊ आहे की एकदम तुटणारा? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत लिहून ठेवा, कारण पुढच्या दोन टप्प्यांचा सारा आधार तेच आहे.

तपासणी : आतापर्यंतच्या नोंदींत ‘करारी’, ‘गूढ’, ‘भारदस्त’ असे शब्द पहिल्या रकान्यात आले असतील तर ते दुसऱ्या रकान्यात हलवा. पहिल्या रकान्यात दिशा, माप, रंग, कड आणि पोत एवढेच चालते.

## टप्पा ४ : चेहरा, अर्धा-अर्धा

आता चेहरा उघडा, पण पूर्ण नाही. आधी नाकाच्या रेषेवर कागदाची कड धरून त्याचा उजवा अर्धा झाका, मग डावा. दोन अर्ध्यांतून वेगवेगळी माणसे पाहत असल्यासारखे वाटते. डोळे आकाराने सारखे नाहीत आणि एकाच कोनातून पाहिलेलेही वाटत नाहीत. चेहरा एका बाजूला वळलेला आहे आणि नजर आपल्याकडे लागलेली नाही. तरी वळलेल्या चेहऱ्यात दूरचा भाग जसा आक्रसून दिसायला हवा, तसा हिशेब इथे काटेकोरपणे पाळलेला नाही.

पुढे क्रमाने पापण्यांच्या कडा, भुवईपासून नाकाकडे उतरणारी रेषा आणि मिटलेले ओठ पाहा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : ही कड रेषेने बांधलेली आहे की छटेने? उत्तर लिहून झाल्यावर ते हातांविषयीच्या उत्तराशेजारी ठेवा.

सावधान : डोळ्यांतील फरकाला लगेच ‘घनवादी’ म्हणू नका. हे चित्र १९०६ मध्ये पूर्ण झाले. एकाच वस्तूच्या अनेक बाजू फोडून एका पृष्ठावर मांडण्याची घनवादाची रीत त्यानंतरची आहे, आणि इथे वस्तूचे तसे विघटन झालेलेही नाही. पुढे काय घडणार हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून ते आधीच्या चित्रात दिसू लागते. ही चूक अभ्यासकांकडूनही होते.

## टप्पा ५ : सांधा शोधणे

या चित्राचा गाभा माझ्या मते इथे आहे. चेहरा जिथे बाकीच्या चित्राला भेटतो त्या सर्व कडा एकेक करून तपासा : कपाळ आणि केस, गाल आणि कान, हनुवटी आणि मान, मान आणि पांढरे वस्त्र. हात व कपडे रंगवताना चित्रकार समोरच्या माणसाकडे वारंवार पाहत होता. चेहऱ्यात मात्र घट्ट कडा, साफ केलेले पृष्ठभाग आणि जड पापण्या आहेत. तिथे समोर दिसणाऱ्या त्वचेपेक्षा कोरीव आकाराची समज अधिक काम करते आहे. दोन पद्धती एकाच कॅनव्हासवर आहेत, आणि पिकासोने एकीला दुसरीच्या मापाने बदलून घेतलेले नाही. चेहरा बदलल्यावर हातही त्याच रीतीने पुन्हा रंगवणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते केले नाही, आणि हा निर्णय चित्राचा भाग मानून त्याची नोंद झाली पाहिजे.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही जण सांधा न पाहता संपूर्ण आकृतीलाच ‘शिल्पवत्’ म्हणतात. तसे म्हटले की हातांचा मऊपणा हिशेबातून सुटतो. उलट काहींना सांधा इतका ठळक वाटतो की चेहरा वरून चिकटवलेला दिसू लागतो. तोही अतिरेकच, कारण पहिल्या टप्प्यातला पुढे झुकण्याचा कल देहातून मानेतून चेहऱ्यापर्यंत अखंड जातो. रंगवण्याची रीत बदलते, पण बैठक मोडत नाही.

तपासणी : ‘चेहरा वेगळा आहे’ हे वाक्य किमान तीन विशिष्ट जागा दाखवून सिद्ध करता येते का? येत नसेल तर टप्पा ३ आणि ४ पुन्हा करा.

## टप्पा ६ : आता तारखा आणि किस्से

तिसरा रकाना आत्ता उघडायचा. घटनाक्रम असा : काम १९०५–०६ च्या सुमारास पॅरिसमधील माँमार्त्र भागात, बातो-लाव्हार या इमारतीतील पिकासोच्या चित्रशाळेत सुरू झाले. १९०६ च्या वसंतात त्याने रंगवलेले डोके पुसून टाकले. उन्हाळा त्याने स्पेनमधील गोसोल या डोंगराळ गावी काढला. परतल्यावर स्टाइन समोर नसताना त्याने आजचा चेहरा रंगवला. पुढे झालेल्या क्ष-किरण तपासणीतही डोक्याची मांडणी बदलत गेल्याच्या खुणा आढळल्या आहेत. तुम्ही पाचव्या टप्प्यात डोळ्यांनी शोधलेल्या सांध्याला या तारखांनी कारण मिळते. आधी कारण वाचले असते तर सांधा शोधावाच लागला नसता आणि तो नेमका कुठे आहे हेही कळले नसते.

किस्से वापरताना ते कोणी आणि कधी सांगितले याची नोंद करा. ऐंशी-नव्वद बैठका झाल्या, आणि ‘तुझ्याकडे पाहताना तू मला दिसेनाशी झालीस’ अशा अर्थाचे काही पिकासो म्हणाला, या दोन्ही गोष्टी स्टाइनच्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ ॲलिस बी. टोकलस’ या १९३३ च्या पुस्तकातून येतात. ते पुस्तक स्टाइनने आपली जोडीदार टोकलस हिच्या तोंडून स्वतःविषयी लिहिलेले आहे, आणि चित्र पूर्ण झाल्यानंतर सत्तावीस वर्षांनी. ऐंशी-नव्वद हा आकडा ‘स्टाइनच्या म्हणण्यानुसार’ असाच लिहावा. चित्र तिच्यासारखे दिसत नाही असे लोक म्हणाल्यावर ‘पुढे दिसेल’ असे उत्तर पिकासोने दिल्याची आठवणही याच सावधगिरीने वापरावी.

सावधान : सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे या चेहऱ्याचे मूळ आफ्रिकी मुखवट्यांत असल्याचे ठामपणे लिहिणे. पॅरिसच्या त्रोकादेरो येथील मानववंश-संग्रहालयाला पिकासोने दिलेली प्रसिद्ध भेट सामान्यतः १९०७ मधली मानली जाते. हा चेहरा १९०६ मध्येच झालेला होता. त्याच्याशी जोडला जाणारा ठोस संदर्भ प्राचीन इबेरियन दगडी शिल्पांचा आहे : स्पेनमधील ओसुना येथे सापडलेली ही शिल्पे त्या सुमारास लूव्ह्र संग्रहालयात मांडलेली होती. शक्य असल्यास त्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पापण्यांच्या कडा ताडून पाहा.

## टप्पा ७ : योग्य चित्रांशीच तुलना

तुलना तीनच करा, पण प्रत्येकीला एक नेमका प्रश्न द्या.

पहिली तुलना पिकासोच्याच १९०६ च्या, हातात रंगफलक घेतलेल्या आत्मचित्राशी. ते फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात आहे. प्रश्न असा : स्टाइनच्या चेहऱ्यातील कोणत्या गोष्टी इथेही आहेत? जड पापण्या आणि कोरीव कडा चित्रकाराने स्वतःच्या चेहऱ्यालाही दिल्या असतील तर त्या एकट्या स्टाइनच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. ही एक तुलना केली तरी दुसऱ्या रकान्यातली निम्मी विशेषणे गळून पडतात.

दुसरी तुलना अँग्र याने १८३२ मध्ये रंगवलेल्या, लूव्ह्रमधील श्रीयुत बेर्तँ यांच्या व्यक्तिचित्राशी. प्रश्न फक्त बैठकीचा आणि हातांचा : मांडीवर हात रोवून बसलेला तो भारी देह आणि हा देह यांत वजन कुठे-कुठे टेकलेले आहे?

तिसरी तुलना सेझानने रंगवलेल्या, हातात पंखा घेतलेल्या मादाम सेझानशी. हे चित्र स्टाइन आणि तिचा भाऊ लिओ यांच्या घरी होते आणि पिकासो तिथे ते पाहत असे. प्रश्न : खुर्ची आणि देह यांचे नाते दोन्हीकडे कसे सांभाळले आहे? टप्पा ३ मधील फुल्या इथे उपयोगी पडतात.

साम्य किती आहे हे ठरवण्यासाठी मात्र छायाचित्रे जपून निवडा. स्टाइनची सर्वपरिचित छायाचित्रे आखूड केसांची आहेत, आणि केस तिने १९२६ मध्ये कापले. मॅन रे याने १९२२ मध्ये तिला याच चित्रासोबत टिपले आहे; ते उपयुक्त आहे, पण दोन्ही चेहऱ्यांत सोळा वर्षांचे अंतर आहे हे विसरू नये. त्याच काळातील दुसऱ्या डोळ्यांची साक्ष हवी असेल तर फेलिक्स व्हालोताँ याने १९०७ मध्ये रंगवलेले तिचे चित्र पाहावे. ते बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात आहे.

## टप्पा ८ : तिचे लेखन कुठे आणि किती आणावे

लेखिकेचे चित्र म्हटले की तिच्या शैलीचे प्रतिबिंब त्यात शोधण्याचा मोह होतो. स्टाइनच्या गद्यातील पुनरावृत्ती आणि चित्रातील सपाट पृष्ठभाग यांची सांगड घालणारी वाक्ये सहज सुचतात, पण ती तपासून घ्यावी लागतात. चित्रासाठी बसत असतानाच्या काळात ती ज्या कथांवर काम करत होती त्या ‘थ्री लाइव्ह्ज’ या नावाने १९०९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तुलना करायची तर त्याच मजकुराशी करावी. तिने शब्दांत रेखाटलेली पिकासोची व्यक्तिचित्रे पुढची आहेत : एक १९१२ मध्ये छापले गेले, दुसरे तिने १९२३ मध्ये लिहिले. तिथली लय मागे नेऊन १९०६ च्या रंगांत वाचणे म्हणजे कालक्रम उलटा करणे होय. बसणारी व्यक्ती आणि रंगवणारी व्यक्ती यांनी पुढे भूमिका बदलल्या, हे मात्र जरूर सांगावे, कारण ते दोन्हीकडच्या तारखांसह सिद्ध करता येते.

## टप्पा ९ : टिपण लिहिणे

लिहिताना पाहण्याचाच क्रम ठेवा. पहिला परिच्छेद देहाच्या आकाराचा, दुसरा नसलेल्या वस्तूंचा आणि हातांचा, तिसरा चेहऱ्याचा, चौथा सांध्याचा. तारखा आणि किस्से पाचव्या परिच्छेदाच्या आधी आणू नका. लेखनाशी तुलना करायची असेल तर ती त्यानंतर, आणि एकाच परिच्छेदात. चित्राचे माप आणि ठिकाण आरंभीच्या वाक्यातच सांगून टाकावे, म्हणजे वाचकाला आकृतीचा आकार पहिल्यापासून कळतो.

प्रत्येक ‘वाटते’ला एक ‘दिसते’ जोडा. ‘ती लक्षपूर्वक ऐकते आहे’ असे लिहिले तर त्याच वाक्यात पुढे झुकलेला कल आणि आपल्याकडे न वळलेली नजर आली पाहिजे. ज्या विशेषणाला असा आधार सापडत नाही ते कितीही आवडले असले तरी काढून टाका. ‘मुखवट्यासारखा’ हा शब्द वापरायचाच असेल तर एकदाच, आणि टप्पा ५ मधील तीन जागा दाखवून झाल्यावर वापरा.

शेवटची तपासणी : टिपणातून पिकासो आणि स्टाइन ही दोन्ही नावे झाकून ते अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने हे चित्र पाहिलेले नाही. मग त्याच्यासमोर बसलेल्या व्यक्तींची पाच-सहा वेगवेगळी व्यक्तिचित्रे ठेवा. त्याने यांतून नेमके हेच उचलले तर टिपण झाले. चुकीचे उचलले तर कोणत्या वाक्यामुळे फसला ते विचारा आणि ते वाक्य चित्रासमोर बसून पुन्हा लिहा.